स्टेरॉलांची पारख : कवकनाशक द्रव्यांच्या इतिहासातील एक प्रकरण

रोगकारक जीव मारावा आणि रोगी मात्र सुखरूप राखावा, ही औषधाकडून केली जाणारी अपेक्षा उच्चारावयास सोपी व पुरी करावयास अवघड आहे. पेनिसिलिनच्या बाबतीत ती अपेक्षा पुष्कळ अंशी पुरी झाली, याचे कारण जंतूंच्या पेशीभोवती असणारी विशिष्ट भिंत मनुष्याच्या पेशीला नसते. जे मनुष्याजवळ नाहीच, त्यावर आघात केला असता मनुष्याला इजा होण्याचा संभव अर्थातच कमी असतो. कवकांची म्हणजे व्यवहारात ज्यांना बुरशी म्हणतात त्या जीवांची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांच्या पेशीला भिंत असते, पण ती वेगळ्या द्रव्यांची असल्याने पेनिसिलिनला ती दाद देत नाही. आणि भिंतीच्या आत पाहू गेल्यास केंद्रक, पेशीपटल, प्रथिने घडविण्याची यंत्रणा इत्यादी बहुतेक सामग्री मनुष्याच्या पेशीशी मिळतीजुळती आढळते. कवकांचे वर्णन दीर्घकाळ वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत होत आले. १९६९ साली व्हिटाकर यांनी त्यांना स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला आणि १९९३ पासून प्रथिनांच्या तुलनात्मक अभ्यासाने असे दाखवून दिले की, कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांनाच अधिक जवळची आहेत. शत्रू परका असला म्हणजे त्याला वेगळा काढता येतो. तो भाऊबंदांपैकी निघाला म्हणजे नेम धरणे कठीण होते.

तरीही १९५० नंतरच्या दशकात कवकांचा नाश करणारी व रोग्यास बव्हंशी वाचविणारी काही द्रव्ये हाती आली. ही द्रव्ये कवकाच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल आणि मनुष्याच्या पेशीपटलातील कोलेस्टेरॉल यांत भेद करतात, असे आज सर्वमान्य आहे. परंतु हा भेद कोणी योजून घडविलेला नव्हता. द्रव्ये आधी सापडली, ती वापरात आली, आणि ती कशाला ओळखतात याचा उलगडा मागाहून, तोही वेड्यावाकड्या वाटेने झाला. त्या वाटेवर एक तर्क चुकीचा म्हणून टाकला गेला, एक चित्र खरे म्हणून सुमारे चार दशके मिरवले, आणि अखेरीस टाकलेल्या तर्काच्या शेजारीच संशोधनाला परत यावे लागले. प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रवास होय.

प्रथम ‘ओळख’ या शब्दाविषयी. रसायनशास्त्रात एक रेणू दुसऱ्याला ओळखतो असे म्हटले जाते, तेव्हा ते एक रूपक असते. रेणूला दृष्टी नाही आणि स्मृतीही नाही. दोन रेणू एकमेकांजवळ आले असता त्यांचे उंचसखल भाग व विद्युत्भार परस्परांशी जुळले तर ते बराच काळ निगडित राहतात. जुळले नाहीत तर विलग होतात. ही ओळख ‘आहे किंवा नाही’ अशा स्वरूपाची नसून कमीअधिक प्रमाणाची असते. हे ध्यानात घेतले नाही तर कवकनाशकांच्या गुणांचा उलगडा होतो, पण त्यांच्या दोषांचा होत नाही. आणि इतिहासाचा अर्धा भाग तर दोषांचाच आहे.

ज्या दोन द्रव्यांमध्ये ही निवड होते, त्यांची नावे कवकनाशकांच्या फार पूर्वीची आहेत. पित्ताशयातील खड्यांत आढळणारा पांढरा, मेदासारखा पदार्थ अठराव्या शतकातच फ्रान्समध्ये पाहण्यात आला होता. शेव्ह्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचा अभ्यास करून त्याला पित्त आणि घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘कोलेस्टरिन’ असे नाव दिले. हा पदार्थ अल्कोहोलाच्या वर्गातला आहे असे पुढे कळल्यावर शब्दाचा शेवट बदलून ‘कोलेस्टेरॉल’ झाला. अर्गोस्टेरॉलचे जन्मस्थान याहून विलक्षण आहे. राय या धान्याच्या कणसावर अरगट नावाचे कवक वाढते आणि दाण्याच्या जागी काळसर, वाकडे शिंग उगवल्यासारखे दिसते. फ्रेंच भाषेत कोंबड्याच्या पायावरील नखीला ‘एर्गो’ म्हणतात. साम्यावरून रोगास तेच नाव पडले. (आपल्याकडे बाजरीवर पडणाऱ्या रोगासही अरगट हेच नाव रूढ आहे, तेथील कवक त्याच प्रजातीतील पण निराळ्या जातीचे असते.) १८८९ साली शार्ल तांरे यांनी रायवरील अरगटापासून एक स्टेरॉल वेगळे केले व रोगाचे नाव त्याला चिकटले. म्हणजे पुढे ज्या जोडीतील भेदावर रोग्याचे प्राण अवलंबून राहावयाचे होते, तिच्यातील एका घटकाचे नाव मनुष्याच्या पित्ताशयातून व दुसऱ्याचे कवकाच्या शिंगातून आले. हा निव्वळ योगायोग खरा, पण इतका समर्पक योगायोग शास्त्रीय परिभाषेत क्वचितच आढळतो.

दोन्ही रेणूंचा सांगाडा एकच आहे. एकमेकांस जोडलेली चार वलये, त्यांच्या एका टोकाला पाण्याशी सलगी करणारा हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या टोकाला मेदात रमणारी शेपटी. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू व एक द्विबंध असतो. अर्गोस्टेरॉलमध्ये कार्बनचे २८ अणू व तीन द्विबंध असतात. अधिकच्या दोन द्विबंधांपैकी एक वलयात व एक शेपटीत असतो, आणि अधिकचा कार्बन शेपटीवरील एका मिथिल गटाच्या रूपाने येतो. भाषाशास्त्रात केवळ एका ध्वनीच्या फरकाने अर्थ पालटणाऱ्या शब्दांच्या जोडीला लघुतम युग्म म्हणतात; ‘काळ’ आणि ‘गाळ’ हे त्याचे उदाहरण. कोलेस्टेरॉल व अर्गोस्टेरॉल हे अगदी त्या अर्थाने लघुतम युग्म नव्हे, परंतु त्या कल्पनेच्या फार जवळचे आहे. हा सांगाडा निश्चित करण्यास रसायनज्ञांना पुष्कळ सायास पडले. विंडाउस यांना १९२८ साली स्टेरॉलांवरील कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा प्रचलित असलेली वलयांची मांडणी चुकीची होती; १९३२ साली बर्नाल यांनी क्ष-किरणांनी घेतलेल्या मापांमुळे ती दुरुस्त झाली. या काळात अर्गोस्टेरॉलकडे लक्ष वेधले होते ते मुडदुसावरील उपायासाठी. अतिनील किरणांनी त्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते, हे १९२७ च्या सुमारास सिद्ध झाले होते. कवकाच्या पेशीपटलात त्याचे काय काम असावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नव्हता. वस्तुतः पेशीपटल हे मेदरेणूंचे दुपदरी पातळ आवरण असते ही कल्पना गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ सालीच मांडलेली होती.

प्रश्न विचारण्याची वेळ आणली ती प्रतिजैव द्रव्यांनी. पेनिसिलिन व तत्सम औषधांचा प्रसार झाल्यावर शरीरातील निरुपद्रवी जंतूही मरू लागले व त्यांनी अडवून धरलेल्या जागी कँडिडा हे कवक माजू लागले. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ ली हेझन व रेचल फुलर ब्राउन यांनी १९४० नंतरच्या दशकात मातीतील सूक्ष्मजीवांत कवकनाशक द्रव्याचा शोध आरंभिला. हेझन न्यूयॉर्क शहरात व ब्राउन ऑल्बनी येथे, दोन्ही प्रयोगशाळांत बरेच अंतर. हेझन मातीतून जीव वाढवीत, त्यांची कँडिडा व क्रिप्टोकॉकस यांवर परीक्षा घेत, आणि आशादायक वाटणारा नमुना काचेच्या बरणीत भरून टपालाने ऑल्बनीस पाठवीत. ब्राउन त्यातील क्रियाशील अंश वेगळा काढून पुन्हा टपालानेच परत करीत. व्हर्जिनियातील नोर्स नामक स्नेह्यांच्या शेताच्या मातीत हेझन यांना हवा तो जीव मिळाला. त्याला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस नोर्सेई असे नाव दिले. १९५० साली त्यापासूनच्या द्रव्याची वार्ता प्रसिद्ध झाली. प्रथम योजलेले ‘फंजिसिडिन’ हे नाव दुसरीकडे वापरात असल्याचे आढळल्यामुळे न्यूयॉर्क राज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘निस्टॅटिन’ हे नाव निश्चित झाले. एकस्वापासून पुढे १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. ते या दोघींनी स्वतःकडे न घेता संशोधनाच्या कामी लावून दिले. १९६६ साली फ्लॉरेन्स येथील महापुरानंतर चित्रांवर चढलेली बुरशी आवरण्यासाठीही निस्टॅटिन वापरले गेले, ही गोष्ट या औषधाच्या चरित्रात जाता जाता नमूद करण्याजोगी आहे.

निस्टॅटिन तोंडावाटे घेतले असता आतड्यांतून रक्तात उतरत नाही. म्हणून शरीराच्या आत खोलवर गेलेल्या कवकरोगांवर त्याचा उपयोग नव्हता. ती उणीव अँफोटेरिसिन-बी ने भरून काढली. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या जीवापासून ते स्क्विब संस्थेच्या संशोधकांनी मिळविले व १९५५-५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास फिलिपाइन्सच्या मातीतून फिलिपिन आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीतून पिमारिसिन अथवा नॅटामायसिन ही द्रव्ये निघाली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. पेनिसिलिनचे उत्पादन हे त्याचे मुख्य काम. परंतु तेथील संशोधन विभागही जागरूक होता. मं. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवापासून मिळविलेल्या हॅमायसिनचे वर्णन १९६१ साली संस्थेच्याच पत्रिकेत प्रसिद्ध केले. १९६४ साली ऑरिओफंजिन आले. हॅमायसिनचा उपयोग मुखातील व इतर श्लेष्मल त्वचेवरील कँडिडाच्या रोगांवर, तर ऑरिओफंजिनचा पिकांवरील रोगांवर झाला.

या नावांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट उघड होते. निस्टॅटिनमध्ये न्यूयॉर्क, फिलिपिनमध्ये फिलिपाइन्स, नॅटामायसिनमध्ये नाताळ, पिमारिसिनमध्ये पीटरमारित्झबर्ग, हॅमायसिनमध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि त्याच्या जनक जीवात पिंपरी. द्रव्य कोठून आले हे नाव सांगते. ते काय करते हे सांगत नाही. सांगणार तरी कसे? नाव ठेवणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हते. एवढे मात्र दिसत होते की, ही सर्व द्रव्ये एका कुळातील आहेत. प्रत्येकाचा रेणू म्हणजे एक मोठे वलय. त्याच्या एका कडेला एकाआड एक द्विबंधांची ताठ रांग, म्हणून कुळाला ‘पॉलिईन’ हे नाव. दुसऱ्या कडेला पाण्याशी सलगी करणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांची रांग. आणि बहुतेकांना एका टोकाशी जोडलेली मायकोसामीन नावाची शर्करा. आणि आणखी एक गोष्ट दिसत होती : ही द्रव्ये जंतूंना काहीच करीत नाहीत.

उलगड्याचा आरंभ १९५८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथील गॉटलीब, कार्टर व सहकाऱ्यांना आढळले की, कवकाच्या वाढीच्या द्रावणात स्टेरॉल मिसळले असता पॉलिईन द्रव्यांपासून कवकाचा बचाव होतो. यावरून सुचणारा तर्क सरळ होता. ज्या पदार्थाची भर घातली असता जीव तगतो, त्याच पदार्थाची टंचाई औषधाने निर्माण केली असली पाहिजे. अर्थात औषध स्टेरॉलच्या निर्मितीस अडथळा करीत असावे. अन्य काही औषधांच्या बाबतीत अशाच युक्तिवादाने यश आले होते, म्हणून तो येथेही लावून पाहणे गैर नव्हते. परंतु १९६० साली रट्गर्स विद्यापीठातील लॅम्पेन, आर्नो व सॅफरमन यांनी दाखविले की, हा बचाव कवकाच्या आत होत नसून बाहेर, द्रावणातच होतो. स्टेरॉल व औषध तेथेच परस्परांना बिलगतात आणि औषध कवकापर्यंत पोहोचतच नाही. टंचाईचा तर्क अशा रीतीने बाद झाला. पण त्याच्या जागी अधिक मोलाची वस्तू हाती आली : औषध आणि स्टेरॉल यांची थेट गाठ. लॅम्पेन यांच्या गटाने पुढील दोन वर्षांत किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशींत औषध जेथे बिलगते ती जागा पेशीपटलातील स्टेरॉल हीच होय, असे प्रतिपादन केले. औषध लागताच पेशीतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते, हेही दिसून आले होते. जंतूंच्या पटलात सामान्यतः स्टेरॉल नसते. म्हणून ते या औषधांना बधत नाहीत.

कल्पना सुबोध होती, पण तिची कसोटी कशी लावावी? कवकाच्या पटलातून स्टेरॉल काढून टाकले तर कवक जगत नाही, आणि जे जगत नाही त्यावर औषधाचा परिणाम पाहता येत नाही. या अडचणीतून मार्ग काढला तो मायकोप्लाझ्मा लेडलॉआय या क्षुद्र जंतूने. त्याला पेशीभित्ती नसते. स्टेरॉलवाचून तो वाढू शकतो. पण द्रावणात कोलेस्टेरॉल दिले तर ते आपल्या पटलात सामावून घेतो. एकच जीव, एकच पटल. एकदा स्टेरॉलसह व एकदा त्याविना. १९६५ साली फाइनगोल्ड यांनी अँफोटेरिसिन-बी घेऊन आणि वेबर व किन्स्की यांनी फिलिपिन घेऊन हा प्रयोग स्वतंत्रपणे केला. कोलेस्टेरॉल सामावलेले जंतू औषधाला बळी पडले. कोलेस्टेरॉलविना वाढलेले बचावले. पॉलिईनांच्या इतिहासातील इतका निःसंदिग्ध प्रयोग दुसरा दाखविता येणार नाही. पुढे त्या जंतूचे नाव बदलून ‘अकोलेप्लाझ्मा’ झाले. त्याला स्टेरॉलची गरज नाही हे सांगण्यासाठी नकारदर्शक ‘अ’ आणि शेव्ह्रल यांच्या नावातील पित्ताचा ‘कोले’ पुन्हा एकत्र आले.

दुसरा साक्षीदार शेतातून आला. रोपवाटिकेतील मर व आल्याची कंदकूज यांस कारण होणाऱ्या पिथियम या जीवाला दीर्घकाळ कवक मानीत. पण तो स्वतः स्टेरॉल बनवीत नाही व पॉलिईन औषधांना दाद देत नाही. १९६६ साली श्लोसर व गॉटलीब यांनी पिथियमची स्टेरॉल मिळाल्यावरची फिलिपिन-संवेदनशीलता तपासली. येथे नाव पाहावे : हे तेच गॉटलीब. आठ वर्षांपूर्वीचा आपला तर्क मागे पडल्यावर ते नव्या तर्काच्या कसोटीला लागले होते. मातीतून पिथियम निराळा काढावयाचा असेल तर द्रावणात पिमारिसिन घालून खऱ्या कवकांचा बंदोबस्त करण्याची रीत पुढे प्रयोगशाळांत रुळली. सिद्धांत हत्यारासारखा वापरता येऊ लागला म्हणजे तो अभ्यासकांच्या अंगवळणी पडला असे समजावे.

स्टेरॉल हे लक्ष्य ठरले. आता मृत्यू कसा येतो, हा प्रश्न उरला. १९६८ नंतर आंद्रेओली व मोनाहन, तसेच फिंकेलस्टाइन व कॅस यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम मेदपटले ताणून त्यांतून विद्युत्वहन मोजले. स्टेरॉल असलेल्या पटलात अँफोटेरिसिन किंवा निस्टॅटिन घालताच आयनांना वाट मिळे. आणि ती वाट ग्लुकोजएवढ्या रेणूलाही अरुंद पडे. १९७४ साली डी क्रूइफ व डेमेल यांनी तिचे चित्र रेखाटले. औषधाचे आठ रेणू व स्टेरॉलचे आठ रेणू पिंपाच्या फळ्यांप्रमाणे आलटून पालटून वर्तुळात उभे राहतात, मधोमध छिद्र पडते, आणि त्यातून पेशीचे सत्त्व गळून जाते. पॉलिईनाच्या रेणूची एक कड मेदात रमणारी व दुसरी पाण्यात रमणारी का, याचे उत्तर या चित्राने इतके सफाईने दिले की ते पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले. त्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु चित्राच्या सफाईमुळे दोन गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. एक, या प्रयोगांत वापरलेले स्टेरॉल पुष्कळदा कोलेस्टेरॉलच होते. म्हणजे कवकाच्या मृत्यूची उपपत्ती मनुष्याच्या स्टेरॉलवर उभारली जात होती. दुसरी, औषध स्टेरॉलला बिलगते ही गोष्ट केवळ छिद्राची पूर्वतयारी ठरली. बिलगणे हेच मरणाचे कारण असू शकेल काय, असे विचारण्यास वाव उरला नाही.

इस्पितळांत मात्र निवडीतील अपुरेपणाचा प्रत्यय रोज येत होता. शिरेतून अँफोटेरिसिन देताच रोग्यास हुडहुडी भरे, ताप चढे, आणि उपचार लांबला की मूत्रपिंडांना इजा होई. अमेरिकन डॉक्टरांनी त्याच्या नावाचा उत्तरार्ध बदलून ‘अँफोटेरिबल’ असा कडू विनोद केला. द्रव्य अर्गोस्टेरॉलला अधिक बिलगते खरे, पण कोलेस्टेरॉलला अजिबात बिलगत नाही असे नाही. फिलिपिनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते कोलेस्टेरॉललाही इतक्या आवडीने धरते की औषध म्हणून निरुपयोगी ठरले. पण ते चमकते, म्हणून पेशीत कोलेस्टेरॉल कोठे साचले आहे हे दाखविणारा रंग म्हणून प्रयोगशाळांत टिकून राहिले. एकाच कुळातील दोन द्रव्यांपैकी एक औषध व एक रंग. निवडीतील थोड्या फरकाचा हा परिणाम.

विषारीपणा आवरण्याचा पहिला यशस्वी उपाय औषधाच्या रेणूत बदल न करता झाला. १९८० नंतरच्या दशकात ह्यूस्टन येथे व अन्यत्र अँफोटेरिसिन मेदाच्या सूक्ष्म गोलकांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्याचे प्रयोग झाले. १९९० नंतर भारतीय संशोधकांनी पिंपरीच्या हॅमायसिनवरही तसे प्रयोग केले. अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेल्या गोलकांच्या पटलात खुद्द कोलेस्टेरॉल घातलेले असते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. जे कोलेस्टेरॉल रोग्याच्या मूत्रपिंडात अपायाचे कारण, तेच येथे औषधाला वाटेत धरून ठेवते. कवकापाशी पोहोचल्यावर अर्गोस्टेरॉलची ओढ प्रबळ ठरते व औषध तिकडे जाते. निवडीचा अपुरेपणा येथे कामी आला.

भारतात या औषधाचा मोठा उपयोग प्रथम कवकांवर झाला नाही, हेही ध्यानात ठेवावे. काळा आजार ज्यामुळे होतो तो लेश्मानिया जीव कवक नव्हे. पण त्याच्या पटलातील स्टेरॉले अर्गोस्टेरॉलच्या घडणीची असतात. औषधाला जीवाचे कूळ दिसत नाही, स्टेरॉल दिसते. बिहारमध्ये केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायपोसोममधील अँफोटेरिसिनची एकच मात्रा जुन्या, अनेक आठवडे चालणाऱ्या उपचाराच्या तोडीची ठरली. महाराष्ट्राला या औषधाचे नाव घरोघर कळले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडमधून उठलेल्या रोग्यांत म्युकरमायकोसिस पसरला, आणि औषधाच्या कुप्यांचा तुटवडा पडून नातेवाइकांना शहरोशहर हिंडावे लागले. मे महिन्यात वर्धा येथेही त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले. वृत्तपत्रांनी या रोगास ‘काळी बुरशी’ म्हटले. काळे पडते ते रोग्याचे मृत ऊतक. बुरशी काळी नव्हे. अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील एक विकर अडविणारी फ्लुकोनॅझोलसारखी स्वस्त औषधे या बुरशीवर लागू पडत नाहीत, म्हणून सारा भार या जुन्या औषधावर आला. काहींचे डोळे व जबडे शस्त्रक्रियेने काढावे लागले. आणि ज्यांना औषध मिळाले त्यांच्याही मूत्रपिंडांवर डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागले. एक मिथिल गट व दोन द्विबंध यांतील फरक औषधाला किती चांगला कळतो, हा प्रश्न त्या दिवसांत केवळ प्रयोगशाळेचा राहिला नव्हता.

तोवर प्रयोगशाळेत छिद्राच्या चित्राला तडे गेले होते. २००८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की, नॅटामायसिन अर्गोस्टेरॉलला बिलगते व कवकाची वाढ थांबविते, परंतु पटलाला छिद्र पाडीतच नाही. हे द्रव्य चीजच्या पृष्ठभागावर व डोळ्यांच्या कवकरोगांत अनेक वर्षे वापरात होते. त्याच्याकडून सिद्धांताला धोका पोहोचेल असे कोणाला वाटले नव्हते. त्यानंतर इलिनॉय विद्यापीठातील मार्टिन बर्क यांच्या गटाने अँफोटेरिसिनच्या रेणूतील एकेक गट संश्लेषणाने काढून टाकून परिणाम पाहण्याची पद्धत अवलंबिली. मायकोसामीन शर्करा काढली असता औषध स्टेरॉलला बिलगत नाही व कवकही मरत नाही. उलट ३५ व्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट काढला असता औषध अर्गोस्टेरॉलला बिलगते, छिद्र पाडू शकत नाही, आणि तरीही किण्व मरते. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली त्याच गटाने पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते औषधाचे रेणू मुख्यतः पटलाच्या आत शिरत नाहीत. पटलावर त्यांचा थर साचतो आणि स्पंज पाणी शोषून घेतो त्याप्रमाणे तो थर पटलातील अर्गोस्टेरॉल ओढून घेतो. अर्गोस्टेरॉलवाचून पटलाची अनेक कामे थांबतात व पेशी मरते. म्हणजे मरण येते ते स्टेरॉलच्या टंचाईनेच. टंचाई निर्मिती अडल्यामुळे नव्हे, तर असलेले स्टेरॉल हिरावले गेल्यामुळे. १९५८ चा तर्क जेथे मांडला गेला त्याच विद्यापीठातून, छप्पन्न वर्षांनी, त्याच्या शेजारचे उत्तर निघाले. लॅम्पेन यांचा आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही. औषध व स्टेरॉल थेट बिलगतात हे त्यांचे म्हणणे स्पंजाच्या उपपत्तीचाही पाया आहे.

या उपपत्तीचा एक व्यावहारिक लाभ झाला. मारण्यासाठी छिद्र नको, नुसते बिलगणे पुरे, असे ठरल्यावर कोलेस्टेरॉलला न बिलगणारे पण अर्गोस्टेरॉलला बिलगणारे रूप शोधणे हे स्पष्ट उद्दिष्ट बनले. २०१३ साली मायकोसामीन शर्करेवरील एकच हायड्रॉक्सिल गट काढलेले रूप तसे वागताना आढळले : किण्वाला ते मारी, मनुष्याच्या रक्तपेशींना व मूत्रपिंडाच्या पेशींना विशेष इजा करीत नसे. तथापि या वाटेने मिळालेली रूपे काही कवकांवर दुबळी पडत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे निदर्शनास आले की, औषध अर्गोस्टेरॉल किती घट्ट धरते याइतकाच ते किती वेगाने ओढून घेते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वेग वाढविणारा बदल केल्यावर मिळालेल्या नव्या रूपाने उंदरांत कवकरोग आवरला व मूत्रपिंडे वाचविली. छिद्राचा पक्षही अगदी निरुत्तर झालेला नाही. २०२२ साली ओसाका येथील संशोधकांनी अर्गोस्टेरॉलयुक्त पटलात अँफोटेरिसिनच्या सात रेणूंचे छिद्र बनते, असे चुंबकीय अनुस्पंदनाच्या मापांवरून दाखविले; १९७४ च्या चित्रातील आठ फळ्यांच्या जागी सात आल्या.